हात वर, दिवे चालू

मध्यंतरी शहरातल्याच एका कॉलेजनं मला भाषणाला बोलावलं. विषय होता, नाट्यगृहं आणि कलासंस्था चालवण्याच्या कामात करिअरच्या संधी. फळ्यावर माझ्या पदाच्या आधी रंगीत खडूनं 'यशस्वी' असं लिहिलं होतं. मी उत्साहानं बोलले. तारखा कशा द्यायच्या, पोलिसांचा परवाना, फायरची एनओसी, जनरेटर, साउंडवाल्यांची भांडणं, पाहुण्यांच्या चहातली साखर, सगळं सांगितलं. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, या लाइनमधे शिरायचं असंल तर काय करावं लागतं?"

"शिरायला काही लागत नाही," मी म्हटलं. मुलं हसली, प्राध्यापकही हसले, आणि गुलाबाचं फूल देऊन त्यांनी कार्यक्रम संपवला. बाहेर कसं पडायचं ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला तिथंच रडू आलं असतं, आणि त्या कॉलेजनं मला पुन्हा कधी बोलावलं नसतं.

मी शिरले ती सहा महिन्यांसाठी. माझं माहेर देवगाव रंगारीचं. घरी कापूस आणि मका. नाटकाशी आमचा संबंध एवढाच, की यात्रेत तमाशा आला की बायकांनी घराबाहेर पडायचं नाही. तरी मी शहरात येऊन नाट्यशास्त्र शिकले, कारण दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, अशी समजूत होती की डिग्री कशाचीही असो, शेवटी तिची शिक्षिका होते. मी एकांकिका स्पर्धांमधून कामं केली. बरी करत असे. बक्षिसं मिळाली म्हणून नव्हे, तर स्टेजवर उभी राहिले की माझं मलाच कळायचं, की आता या वेळी आपण दुसरीकडे कुठं असायला नको.

शिक्षण संपलं. बरोबरची मुलं पुण्या-मुंबईला गेली. मला तेव्हा इथल्या एका ट्रस्टच्या नाट्यगृहात व्यवस्थापकाची जागा मिळाली. 'नाटकातलं कळणारं माणूस' हवं होतं त्यांना. मला वाटलं, पुढचं काही ठरेपर्यंत रंगमंचाच्या जवळ राहता येईल. दादांना फोन केला तर त्यांनी दोनच प्रश्न विचारले.

"खुर्ची हाय का?"

"हाय."

"वर पंखा?"

"हाय."

"मंग बस."

आणि मी बसले. माझ्या ऑफिसची मागची भिंत ही स्टेजच्या डाव्या विंगेची भिंत आहे. इतक्या वर्षांत किती नाटकं या भिंतीतून ऐकली असतील, पण बघितली फार थोडी. पलीकडे एखादी मोठी नटी जीव तोडून रडत असायची आणि अलीकडे मी टँकरवाल्याला विचारत असायचे, की भाऊ, निघालात का. आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल ते नळालाही माहीत नसतं. तिकीट काढून आलेल्या माणसाला कला नंतर कळते, संडासात पाणी नाही हे आधी कळतं. त्यामुळे टँकर आला नाही तर प्रयोग पडला, हे मला दिग्दर्शकापेक्षा लवकर समजायला लागलं.

बाकी आमच्याकडे काय होत नाही! सकाळी कोचिंग क्लासचा गुणवंतांचा सत्कार, दुपारी कुण्या शाळेचं गॅदरिंग, रात्री नाटक. एखाद्या दिवशी मुशायरा, एखाद्या दिवशी कुणा भाऊंचा वाढदिवस. भाऊंची माणसं नटराजापुढं नारळ थेट स्टेजच्या फळ्यांवर फोडतात आणि मग पुढच्या नाचाला पोरं त्या पाण्यावरून घसरतात. मी तिथं एक दगड आणून ठेवला. तर तो दगड कुणीतरी नेला. दगड! मेकअपच्या आरशाचे बल्ब जातात ते समजू शकते, पण दगड नेऊन काय मिळालं असेल? अशा गोष्टींवर मी दिवसभर चिडते आणि संध्याकाळी कळतं, की दिवस गेला.

सुट्टीच्या दिवशीही फोन चालूच. एकदा ह्यांच्याबरोबर दौलताबादला गेले होते. हे चितेगावला एका कंपनीत आहेत, शिफ्टची नोकरी, दोघांना एकत्र सुट्टी मिळणं म्हणजे सणच. किल्ल्यावरच्या अंधारीत शिरलो. काळोख, वटवाघळांचा वास, पायाखाली काय आहे ते दिसत नाही. बरोबरची माणसं घाबरून एकमेकांना हाका मारत होती आणि मला एकदम हलकं वाटलं. कशामुळे ते बाहेर आल्यावर कळलं. आत रेंज नव्हती. बाहेर उजेडात पाऊल टाकलं आणि खिशातला फोन थरथरायला लागला, एसी बंद पडला होता. हे म्हणाले, "परत आत जायचं का?" थट्टाच केली त्यांनी, पण मी खरंच मागं वळून बघितलं.

आता चाचांबद्दल सांगायला हवं, कारण पुढं जे घडलं ते त्यांच्यामुळे घडलं असं लोक म्हणतात, आणि ते खरं नाही. चाचा आमचे लाइटवाले. नाटक मंडळी आपल्या प्रकाशयोजनेसाठी त्यांचा माणूस आणतात, पण प्रेक्षागृहाचे दिवे, म्हणजे खुर्च्यांवरचे, भिंतीवरचे, ते सगळे चाचांच्या ताब्यात. त्यांची काचेची खोली बाल्कनीच्या मागं, पार वर. मी खाली. वॉकी-टॉकी आणले होते, पण ते चालू केले की साउंडमधे खरखर यायची. म्हणून आम्ही हाताच्या खुणा ठरवल्या. बोट गोल फिरवलं की घंटा. तळवा खाली दाबला की दिवे हळूहळू मंद. आणि उजवा हात सरळ वर, पंजा उघडा, म्हणजे काहीतरी गडबड आहे, सगळे दिवे लगेच लाव.

ही शेवटची खूण एका गॅदरिंगला पालकांची चेंगराचेंगरी होता होता वाचली, तेव्हा ठरली. त्या वेळी चाचा खाली विचारायला आले होते, की मॅडम, लावू का. त्या विचारण्यात वेळ गेला. मी त्यांना चांगलंच झापलं. म्हटलं, माझा हात दिसला की विचारायचं नाही, स्टेजवर कुणीही असो, काहीही चालू असो, आधी दिवे. चाचा माझ्यापेक्षा वयानं मोठे, पण त्यांनी ते मनावर घेतलं. "हौ मॅडम," ते म्हणाले, "आपका हाथ दिख्या तो मैं पूछताच नई. सीधा बत्ती." आणि त्यांनी ते पाळलं. एकदाही चुकले नाहीत.

दुसरी गोष्ट पायरीची. आमच्या ट्रस्टचे सेक्रेटरी निवृत्त वकील आहेत. त्यांना सगळे साहेब म्हणतात, मीही म्हणते. पुढाऱ्यांना खुर्चीवर बसवणं बरं दिसत नाही म्हणून त्यांनी पहिली रांग काढून तिथं सोफे टाकले. सोफ्यांसाठी जमीन भरून घेतली, आणि मधल्या वाटेत, जिथं कुणाला स्वप्नातही वाटणार नाही अशा ठिकाणी, एक पायरी तयार झाली. अंधारात तिथं माणूस हमखास अडखळतो. मी रेडियमची पट्टी चिकटवत राहते आणि ती निघत राहते. तिथं जमिनीत दिवा बसवा, असं मी साहेबांना दर मीटिंगला सांगते. "बसवू की," ते म्हणतात, "घाई काय?"

हे सगळं असं चालू असताना माझा एक जुना मित्र आला. आम्ही एकत्र शिकलो. तो माझ्या एकांकिका बसवायचा. मुंबईत बरीच वर्षं काढून, मालिकांना कंटाळून तो इथं परतला होता. माझ्या टेबलासमोर बसला, चहा घेतला, आणि मला वाटलं आता तारीख मागणार. त्यानं पिशवीतून संहिता काढली.

"यातली सुईण तू करायची," तो म्हणाला.

"वेडा आहेस का? मी आता कुठं..."

"वाच तर आधी. नाय म्हणायला काय लागतं?"

मी वाचली. एका गावातली सुईण. गावातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. आता दवाखाना झाला, गाडी आली, तिला कुणी बोलवत नाही. शेवटाकडे एक प्रसंग आहे. जिला तिनंच या जगात आणलं, ती पोर बाळंतपणासाठी गाडीत बसून निघते, आणि सुईण अंगणात उभी राहून बघते. खूप वेळ काही बोलत नाही. मग एकच वाक्य, "जा बाई, सुखानं सुटून ये." मी ते वाचलं तेव्हा भिंतीपलीकडे कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक कापत होते. मला इतकं हवंसं वाटलं ते काम, की मला स्वतःची भीती वाटली. पहिला प्रयोग आमच्याकडे, मग चार महिने महाराष्ट्रभर दौरा. तो म्हणाला, पहिला प्रयोग उभा राहिला तर दौरा तुझ्यासकट. मी मनात ठरवून टाकलं, की दौऱ्याला सुट्टी मागायची, दिली नाही तर नोकरी सोडायची.

घरी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "कर की. पण नोकरीचं आत्ताच काही बोलू नको." दादांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "आता ह्या वयात? अन् मंग खुर्चीवर कोन बसंल?" जसं काही मी उठले की खुर्ची ओरडणार होती.

साहेबांकडे मात्र जावंच लागलं. ते अगदी प्रेमानं बोलले. रागावले असते तर बरं झालं असतं, मलाही रागावता आलं असतं.

"अरे वा, आमच्या मॅडम नायिका! लई छान," ते म्हणाले. "करा ना. पण मॅडम, चार महिने दौरा म्हणजे हॉलला कुलूप लावायचं का आम्ही? तुमच्याशिवाय इथं कोणाला काय कळतं, सांगा बरं."

"कुणीतरी शिकवून तयार करते, साहेब."

"अहो, असा माणूस तयार होत नसतो. तो असावा लागतो." आणि मग म्हणाले, "बघू. पहिला प्रयोग तर होऊ द्या. त्या दिवशी तुम्ही फक्त कलाकार. हॉलची चिंता करायची नाही, मी हाय ना."

इतकी वर्षं मला वाटत आलं होतं, की आपण चांगलं काम करतोय म्हणून लोक आपली स्तुती करतात. त्या दिवशी कळलं, की स्तुती हीच कडी आहे, आणि ती बाहेरून लावलेली आहे.

उस्मानपुऱ्यातल्या एका शाळेच्या हॉलमधे तालमी सुरू झाल्या. संध्याकाळी ऑफिसातून पळत पळत जायचे. सुरुवातीला माझा आवाज भिंतीवर आपटून परत यायचा. टँकरवाल्याशी बोलायचा आवाज तो, त्यातून सुईण येईना. हळूहळू यायला लागली. अडचण होती ती हातांची. मित्र ओरडायचा, "हात! अगं, तुझे हात लई बोलतात. सगळ्यांला इकडं बसा, तिकडं सरका करतात. खाली सोड ते." शेवटच्या त्या प्रसंगात तर दोन्ही हात अंगालगत, पूर्ण मोकळे सोडायचे. जे हात पोरांना झेलायचे ते आता रिकामे आहेत, एवढंच दिसलं पाहिजे. मी घरी भाकरी करताना, स्कूटर लावताना, लिफ्टमधे, सगळीकडे हात खाली सोडण्याचा सराव केला. जमलं. एका संध्याकाळी तालीम संपल्यावर मित्र संहिता मिटत म्हणाला, "आता आली." त्या रात्री मी जेवताना एकटीच हसत होते.

तालमीत माझे हात वर जातच नव्हते. त्यामुळे चाचांना काही सांगायला हवं, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

प्रयोगाच्या दिवशी मी फक्त कलाकार होते. म्हणजे नऊवारी नेसून आरशापुढे बसले होते आणि दाराशी रांग होती. पाण्याच्या टाकीची किल्ली कुठंय? सोफ्यावर पांढरी कव्हरं घालायची का भगवी? पार्किंगमधे कुणाची गाडी आडवी लागलीय? मित्रानं शेवटी दाराला खुर्ची लावली आणि स्वतः तिच्यावर बसला. तिसरी घंटा झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती घंटा मी दिली नव्हती, मी ऐकली.

पहिला अंक चांगला गेला. मला कळत होतं. लोक माझ्याबरोबर श्वास घेत होते, असं म्हटलं तर कुणी हसेल, पण तसंच होतं ते. दुसऱ्या अंकात तो प्रसंग आला. गाडीचा आवाज दूर गेला. मी अंगणात उभी. हात खाली, मोकळे. पूर्ण शांतता. आमच्या हॉलमधे इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती, कारण मी कायम भिंतीपलीकडे असायचे.

आणि मागचं दार उघडलं. साहेब फोनवर बोलायला बाहेर गेले होते, ते परत आले. अंधारात माणूस दिसत नव्हता, फक्त फोनच्या उजेडात उजळलेला चेहरा मधल्या वाटेनं पुढं पुढं येत होता. डोळे फोनवर. एक एक रांग मागं पडत होती. मला त्या वाटेची प्रत्येक फरशी माहीत आहे. तो चेहरा पायरीच्या अगदी जवळ आला.

माझा उजवा हात वर गेला. सरळ, पंजा उघडा. मी उचलला नाही तो, गेला.

त्याच क्षणी अख्खं प्रेक्षागृह लख्ख उजळलं.

आठशे माणसं डोळे मिचकावत एकमेकांकडे बघायला लागली. साहेब एक पाय हवेत धरून उभे. मला समोरचं सगळं दिसलं. चौथ्या रांगेतल्या खुर्चीचा तुटलेला हात, कोपऱ्यातली पानाची पिचकारी, डोक्याला हात लावून बसलेले हे. आणि नऊवारी नेसलेली, कपाळभर कुंकू लावलेली मी, सुईण, ऑफिसातल्या आवाजात म्हणाले, "साहेब, पायरी."

काय हसले लोक! टाळ्याही वाजवल्या. मनापासून हसले ते, त्यांचा काही दोष नाही. साहेबांनी हात जोडले, जपून पायरी चढले, सोफ्यावर बसले. चाचांनी दिवे मालवले. आणि त्या अंधारात, खुसखुस चालू असताना, मला म्हणायचं होतं, "जा बाई, सुखानं सुटून ये." मी म्हटलं. कुणाला ऐकू आलं असेल असं वाटत नाही.

नाटक संपलं, आणि पडदा पडायच्या आधी साहेब माईक घेऊन वर आले. म्हणाले, हीच ती मॅडम, जी अभिनय करतानासुद्धा आपली जबाबदारी विसरत नाही, आज मी हातपाय धड घेऊन उभा आहे तो हिच्यामुळे, असा माणूस आम्ही कुठंही जाऊ देणार नाही. पुन्हा टाळ्या. मग शाल आणि श्रीफळ. शाल माझ्या खांद्यावर आली आणि मी ती ओळखली. गुलमंडीच्या बाजारातून मीच गठ्ठ्यानं आणल्या होत्या, सत्कारांसाठी. त्यातली ही साध्यातली, पुढाऱ्यांना आम्ही वेगळ्या देतो. मी हसून नमस्कार केला. आतून मला ती शाल ओढून फेकून द्यावीशी वाटत होती. नटीला टाळ्या मिळायच्या त्या जागेवर व्यवस्थापकाचा सत्कार झाला होता.

मेकअप रूममधे चाचा आले. डोळे लाल. "मॅडम, मेरे से गलती हुई. लेकिन आपका हाथ था. आपनेच बोले थे ना, पूछना नई."

"चाचा, तुमचं काही चुकलं नाही," मी म्हटलं. ते खरं होतं, म्हणूनच मला जास्त त्रास झाला. मित्रानं पाठीवर थोपटलं. "उगी ऱ्हा. रविवारी जालन्याला प्रयोग हाय, तिथं बघू," एवढंच म्हणाला. दौऱ्याचं नाव त्यानं काढलं नाही, मीही काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सुट्टीचं उत्तर दिलं. रविवार तुमचे, बाकी हॉलचे. नोकरी सोडायचं वाक्य मी पाठ करून गेले होते. नाटकातली इतकी वाक्यं पाठ होतात, ते एक तोंडातून निघालं नाही. कशाच्या जोरावर सोडणार होते? पहिला प्रयोग कुठं उभा राहिला होता? मी ऑफिसात येऊन बसले आणि टँकरला फोन लावला.

मग जालन्याचा रविवार. तिथलं नाट्यगृह माझं नाही, तिथली एकही किल्ली माझ्याकडे नाही, याचाच आनंद वाटत होता. पण आत शिरताच मी बाहेर जायच्या दाराची कडी ओढून बघितली. गंजलेली होती. आग विझवायच्या नळकांड्यावरची चिठ्ठी वाचायला वाकले, तर मित्र मागून म्हणाला, "ए बाई, तू इथं पाहुणी हायेस."

प्रसंग आला. हात खाली. शांतता. डाव्या बाजूला एक बाई रडकं लेकरू कडेवर घेऊन उठली आणि अंधारात दाराकडे चाचपडत निघाली. मी मनात म्हटलं, बघू नको. आणि माझा हात वर गेला.

काहीच झालं नाही. तिथं माझी खूण कुणाला माहीत होती? हात तसाच वर, उघडा, अंधाराकडे. मला तो खाली घेताही येईना. त्या बाईनं आपलं आपण दार शोधलं, बाहेरचा थोडा उजेड आत आला, दार बंद झालं. तेव्हा कुठं हात खाली आला, हळूहळू, आणि माझ्या तोंडून ते वाक्य निघालं. या वेळी कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं.

आत आल्यावर मित्रानं मला खांद्याला धरून हलवलं. "तो हात! कुठून आणलास गं? थांबवायलाही जातो अन् आशीर्वादही देतो. ठेव तो. आता तोच शेवट." मी त्याला खरं सांगितलं नाही. मला फक्त रडू आलं, आणि त्याला ते आनंदाचं वाटलं.

तेव्हापासून रविवारी मिळतील तेवढे प्रयोग करते. बीडला केला, परभणीला केला. हात वर जातो आणि लोक गप्प होतात. लोक म्हणतात, त्या हातासाठी पुन्हा बघायला येऊ. आता नाटक परत आमच्याकडे आहे, येत्या रविवारी. तारीख मीच दिली. पायरी आहे तिथंच आहे.

काल दुपारी हॉल रिकामा होता तेव्हा मी वर चाचांच्या खोलीत गेले. त्यांना समजावून सांगितलं, की आता तो हात नाटकातला आहे, शेवटी तो वर जाणारच, त्या दिवशी दिवे लावायचे नाहीत. चाचांनी नीट ऐकून घेतलं. मान हलवली. मग काचेतून खाली मधल्या वाटेकडे बघत म्हणाले, "हौ मॅडम. लेकिन सच्ची में कोई गिरनेवाला रहा तो? मेरे को कैसा समझेंगा, कौनसा हाथ है?"

मी त्यांच्या शेजारी जाऊन काचेतून बघितलं. खाली सगळ्या खुर्च्या मिटलेल्या होत्या. मला स्वतःला तरी कुठं कळतं, कुठला हात आहे ते?

"लावा चाचा," मी म्हटलं. "दिसला की लावा. विचारू नका."

आणि खाली येताना, जिन्यातच, मी हात अंगालगत सोडून चालायचा सराव सुरू केला.